पिवळे रोलर

हकीमभाईनं काउंटरवर तीन रोलर ओळीनं मांडले, मुलगी बघायला आलेल्यांपुढं पोह्याच्या बशा मांडतात तसे. एक काळा, एक पांढरा, एक पिवळा.

"होडी कसली आहे? फायबर की लाकडी?"

"अल्मुनियमची," पोपट म्हणाला.

तो ज्या सुरात हे म्हणाला, तो सूर माझ्या चांगला ओळखीचा झाला होता. पंधरा दिवसांत मी तो टपरीवर ऐकला, सोसायटीत ऐकला, एका मयतीलासुद्धा ऐकला. पहिल्या पोराचं वजन सांगतो ना माणूस, तसा.

पोपट नगरे माझा लंगोटीयार. उजनी धरणाच्या फुगवट्यावर आमचं गाव. थंडीत रोहित पक्षी येतात, त्यांच्या मागं पुण्याचे फोटोवाले येतात, आणि त्यांना होडीतून हिंडवायचा धंदा गावातल्या दहा-बारा जणांचा. मीही त्यातलाच होतो. मग मला वाटलं वल्हं मारून कुणाचं भलं झालंय, म्हणून मी होडी विकली आणि वेल्डिंगचं दुकान टाकलं. त्यानंतर दोनच वर्षांत फोटोवाले दुप्पट झाले. असलं नशीब माझं. आणि आता पोपटनं गावातली पहिली अल्मुनियमची होडी आणली होती. चकचकीत, सोळा फुटी. उन्हात बघितली तर डोळे मिटावे लागायचे. मी मुद्दाम उघडे ठेवून बघायचो.

उन्हाळ्यात पाणी हटत जातं, आज इथं तर पुढच्या आठवड्यात अर्धा मैल लांब. एवढी नवी होडी चिखलातून ओढायची कशी, म्हणून ट्रॅक्टरमागं लावायची गाडी करायची ठरली. ट्रेलर म्हणायचे सगळे. तो सांगाडा मीच बनवला. पैसे घेतले, वर चार दिवस उशीरही केला. आता त्यावर रोलर बसवायचे राहिले होते, म्हणजे होडी त्यांच्यावरून घरंगळत वर चढेल आणि खाली उतरेल. त्यासाठी आम्ही टेम्पो घेऊन पुण्याला भवानी पेठेत आलो होतो.

"पत्रा किती जाड?" हकीमभाईनं विचारलं.

"तीन एमएम."

"मग हा पांढरा विसरा." त्यानं पांढरा रोलर बाजूला सारला. "नायलॉन आहे, दगड आहे दगड. रस्त्यात खड्डा आला की होडी उडणार, याच्यावर आपटणार, तुमच्या पत्र्याला पोचे."

पोपटनं छातीवर हात ठेवला. खोटं नाही सांगत.

"हा काळा, रबर. पकडून ठेवतो. चढवताना जोर लागतो, पण पळू देत नाही. फक्त एक आहे, खाली काळे पट्टे उठतात."

"डाग?"

"डाग."

"आरं बाबा, डाग नको," पोपट माझ्याकडं बघून म्हणाला.

"होडीच्या बुडाला कोण बघतंय रं? मासे?" मी म्हणलं.

"मला ठावं हाय ना तिथं डाग हाय ते."

हकीमभाईनं तिसरा रोलर दोन बोटांत धरला आणि टिचकी मारली. पिवळा, मक्याच्या कणसासारखा. फिरायला लागला तो फिरतच राहिला. हकीमभाईनं चष्मा पुसला, परत घातला, तरी फिरतोय.

"हा पीयू, रबरासारखं प्लास्टिक. डाग नाही, पोचे नाहीत. होडी चढवायला एक माणूस बास."

पोपट त्याच्याकडं असा बघत होता की मला हसू आलं आणि पोटात दुखलंही. "नवन्या, तू सांग. तू म्हणशील ते घेऊ."

हेच मला सोसत नव्हतं. त्याला होडी मिळाली, फोटोवाले मिळाले, आणि वर पुन्हा माझ्यावर एवढा विश्वास.

तेवढ्यात बाहेर पोलिसाची शिट्टी वाजली. टेम्पो भलत्याच जागी लावला होता. पोपट पळाला.

हकीमभाई पिवळे रोलर मोजायला लागला. मोजता मोजता म्हणाला, "मालकांना एक सांगून ठेवा हां. हा लोण्यासारखा फिरतो. उतारावर गाडी उभी केली, तर होडीला बांधलेला पुढचा पट्टा गाडी पाण्यात उतरेपर्यंत सोडायचा नाही. सोडला की होडी कुणाला विचारत थांबत नाही. माणूस मागं असेल तर चेंगरतो."

"सांगतो," मी म्हणलं.

"विसरू नका."

"छे हो."

पोपट घाम पुसत आत आला. "काय म्हणत होते?"

"ग्रीस लावत जा म्हणले, महिन्यातून एकदा."

"लावू की," पोपट म्हणाला, आणि त्यानं पिवळे चौदा रोलर पोत्यात भरले.

आता मी कसा आहे ते सांगितलं पाहिजे, म्हणजे मी तसा का वागलो ते कळेल. गावात मस्करीसाठी माझं नाव होतं. फोटोवाल्यांना मी एकदा सांगितलं की पोपटला ऐकू येत नाही. दिवसभर ते त्याच्याशी हातवारे करत बसले आणि पोपटला वाटलं शहरातली माणसं अशीच असतात. एकदा लाकडाचं बदक रंगवून गवतात ठेवलं. एका डॉक्टरनं त्याचे दीडशे फोटो काढले. बदक किती शांत आहे म्हणून कौतुक करत होता. पोपटचा पोपट करायचा, हे गावात माझंच काम होतं. तो दर वेळी फसायचा आणि दर वेळी माझ्याआधी हसायचा.

परत येताना त्यानं सीटमागनं एक पिशवी काढली. "बघ."

लुगडं होतं. हिरवंगार, जरीकाठी.

"आईला. होडीच्या पूजेला नेसंल. आवडंल का रं?"

"आवडंल की," मी म्हणलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

आई म्हणजे गजराआई, पोपटची आई. माझी आई मी सहा वर्षांचा असताना गेली. बाप उसाच्या ट्रकवर, महिना महिना घरी नसायचा. मग मी जेवायला कुठं जाणार? गजराआईच्या चुलीपुढं दोन पाट असायचे, एक पोपटचा, एक माझा. पहिली भाकरी माझ्या ताटात पडायची, कारण मी रडायचो आणि पोपट रडत नव्हता. पुढं मी दुकान टाकलं तेव्हा मीही तिला लुगडं आणलं होतं, अंजिरी रंगाचं. माझ्या पूजेला ती जुन्याच लुगड्यात आली, शेतातनं आली, पायाला चिखल. नारळ फुटला, पेढा खाल्ला, म्हणाली, "म्हशीची धार काढायचीय रं नवन्या," आणि गेली. माझं लुगडं पुढं पोपटच्या बहिणीच्या अंगावर दिसलं.

असं काही नाही की मी ते मनात धरून बसलो होतो. पण भिगवण येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं, त्या पिवळ्या रोलरसारखं.

आणि मग मला एकदम आठवलं. नगऱ्यांच्या घरात एक रीत होती. बांधलेल्या होडीची पूजा करायची नाही. पोपटचा बाप तात्या त्याबाबत फार कडक. आधी सगळे दोर सोडायचे, होडी मोकळी करायची, मगच हळदकुंकू आणि ओटी. लाकडी होडी चिखलात बसलेली असते, दोर सोडला तरी ती कुठं जाते? पण ही होडी घाटाच्या उतारावर असणार, गाडीवर असणार, पिवळ्या रोलरवर.

पुढचं चित्र माझ्या डोळ्यांपुढं सिनेमासारखं आलं. सगळं गाव जमलंय. पट्टा सुटतो. होडी आपली आपण निघते आणि पूजेच्या आधीच धपकन पाण्यात. पोपट हातात नारळ घेऊन उभा. पुढची दहा वर्षं गाव हसतंय. मागं कुणी उभं राहणार नाही एवढं बघितलं की झालं. मला काही करायचंच नव्हतं. फक्त एक वाक्य गिळायचं होतं.

"काय रं, हसतोय कशाला?" पोपटनं विचारलं.

"काय नाही. तुझी होडी आठवली."

तो खूश झाला.

पूजेच्या दिवशी सकाळी माझी बायको शैला दोन साड्या पलंगावर टाकून उभी. "पोपटभावजींच्या होडीला कुठली नेसू?"

"माझ्या दुकानाच्या पूजेला कुठली नेसलीस?"

"आठवत नाही बाई," ती म्हणाली.

घाटावर निम्मं गाव होतं. पुण्याचे चारजण कॅमेरे लावून उभे. होडीचं नवं इंजिन अजून टेम्पोतच, त्याला वेगळा हार. ट्रॅक्टर उतारावर उभा, मागं गाडी, गाडीवर होडी, तिचं मागचं टोक पाण्यापासून सात-आठ हातांवर. मी सगळ्यांना मागून हाकललं. "मागं कुणी थांबू नका, फोटोत येताय," म्हणत. माझी तेवढी तयारी होती.

गजराआई आली. हिरवं लुगडं, नाकात नथ, गळ्यात ठुशी. नथ मी तिच्या नाकात तिच्या पोरीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच बघितली. ती माझ्यापाशी थांबली. "नवन्या, गाडी झ्याक केलीस रं. हात सोन्याचा हाय तुझा."

मी वाकून गाडीचं चाक बघायला लागलो. एरवी मी तिला म्हणालो असतो, मग ठुशी मला दे.

तात्या खुर्चीवर बसूनच म्हणाला, "मोकळी करा तिला. बांधलेल्या होडीला कुंकू लावायचं न्हाय."

पोपट पुढं गेला. पट्ट्याचा आकडा काढला.

मी रोलरांवर नजर लावली.

होडी हलली नाही. एक इंचसुद्धा नाही. उतार कमी पडला असेल, किंवा नवे रोलर अजून जड असतील. चौदा रोलर, एवढा प्रवास, एवढं गिळलेलं वाक्य, सगळं वाया. पोपटनं समाधानानं होडीच्या पोटावर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी. मला इतका राग आला की मी खाली बघून माती टोकरायला लागलो.

मान वर केली तर गजराआई होडीत चढत होती.

हे मी धरलंच नव्हतं. चिखलात बसलेल्या होडीची ओटी बाई बाहेर उभी राहून भरते. पण ही गाडीवर चढलेली, काठ बाईच्या गळ्याएवढा. हात पोचणार कसा? म्हणून पोपटनं आणि त्याच्या मेव्हण्यानं तिला दोन्हीकडनं उचलून आत घातलं होतं. ती ओटीचं ताट सांभाळत मधल्या फळीकडं निघाली, आणि तिथून मागं. कारण ओटी होडीच्या मागच्या टोकाला भरायची, जिथं नावाडी बसतो.

"आई, थांब," मी म्हणलं. "खाली उतर. होडी सुटंल."

सगळे हसले. मी चेष्टेच्या सुरात म्हणालो नव्हतो. पण माझ्या तोंडाला दुसरा सूर असेल हे कुणाला माहीत?

"नवन्या, आज तरी गप बस," पोपट हसत म्हणाला.

"आरं खरंच सांगतोय. पट्टा लाव परत."

"देवाच्या कामात तरी मस्करी नको रं," तात्या म्हणाला. पुण्याच्या एका बाईनं हसताना माझा फोटो काढला.

एवढंच म्हणायचं होतं, हकीमभाईनं सांगितलंय. हे दोन शब्द टाकले असते की पोपटनं पट्टा लावला असता. पण मग त्यानं विचारलं असतं, तुला सांगितलं, मग मला का नाही सांगितलंस? तिथं, सगळ्यांपुढं, तो हसत नसता तर कसा दिसला असता ते मला बघायचं नव्हतं. मी पायातल्या चपला झटकल्या. आणि होडीच्या मागच्या बाजूला पळालो. एकट्यानं धरू म्हणलं. अडीचशे किलोची होडी.

गजराआईनं शेवटच्या फळीवर बूड टेकलं आणि मला पहिल्या रोलरचा आवाज आला. किर्र नाही, खड नाही. पिठात हात घातल्यावर येतो तसा, जवळजवळ नाहीच.

मी दोन्ही हात लावले. होडीनं मला विचारलं नाही. मी पायानं माती नांगरत मागं गेलो, मग पायाखाली चिखल आला, मग पाणी, मग माझं डोकं पाण्याखाली. वर आलो तेव्हा मी होडीच्या कडेला लोंबकळत होतो, गाव मागं चाललं होतं, आणि पोपट मांडीएवढ्या चिखलात रुतून "आई, आई" करत होता. हातात नारळ होता. माझ्या सिनेमातला तेवढा भाग बरोब्बर जमला.

वारा घाटाकडनं आत वाहत होता. होडीत वल्हं नाही, इंजिन नाही. पाणी तिथं दोन पुरुष खोल.

गजराआई फळीवर ताठ बसली होती. नथ हलत होती. तांदूळ सांडले होते, पण ताट तिनं सोडलं नव्हतं. ती घाबरलेली नव्हती. लहानपणी गूळ शिजवायच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी बाई, ती काय घाबरणार. तिनं खाली वाकून माझ्याकडं बघितलं.

"लागलं का?"

"न्हाय."

"तू आधीच म्हणालास."

मी होडीची कड नीट धरली.

"सुटंल म्हणालास. कुणालाच ठावं नव्हतं. तुला कसं ठावं?"

"अंदाज, आई."

"नवन्या."

या एका हाकेपुढं मी लहानपणापासून कधी टिकलो नाही. तिच्या घरातला गूळ कुणी खाल्ला हेसुद्धा ती असंच विचारायची.

"दुकानदारानं सांगितलं होतं," मी म्हणलं.

"पोपटला?"

"मला."

"आन् तू पोपटला?"

पाणी होडीच्या पत्र्यावर टप टप वाजत होतं. लांबवर रोहितांचा थवा होता. त्यांना आमचं काही पडलेलं नव्हतं.

"का रं?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत होती. "होडी पायजे होती तुला?"

मी मान हलवली. होय का नाही ते मला सांगता येणार नाही. माझी नजर तिच्या लुगड्यावर होती, काठावर, आणि तिला ते दिसलं. ती बराच वेळ त्या काठाकडं बघत राहिली. मग पदर सारखा केला. तिला कळलं होतं. मी बोलून सांगितलं असतं तर एवढं नीट कळलं नसतं.

तिनं खण उलगडला, उरलेले तांदूळ मुठीत घेतले, ताटातला नारळ ठेवला, आणि होडीची ओटी भरली, शांतपणे, जशी घाटावर भरली असती तशीच. कुंकू लावलं. नमस्कार केला. तोवर मी पाण्यात. मग म्हणाली, "ढकला आता. वल्हं न्हाय, पाय हायेत की."

मी पाय मारत होडी ढकलायला लागलो. ते "ढकला" मला तेव्हा कळलंच नाही. धाप लागली होती.

अर्ध्या वाटेत दुसरी होडी आली, तिनं आम्हाला ओढून नेलं. काठावर पोपटनं मला चिखलासकट मिठी मारली. लोक टाळ्या वाजवत होते. तात्या खुर्चीतनं उठून उभा राहिला होता. "पोरानं उडी मारली रं, पोरानं उडी मारली," एवढंच म्हणत होता. मी उडी मारली नव्हती, मी फरफटत गेलो होतो. पण पुण्याच्या बाईच्या फोटोत ते उडीसारखंच दिसलं.

"तू सांगत होतास आन् आम्ही हसलो," पोपट म्हणाला. "चुकलं रं माझं."

मी गजराआईकडं बघितलं. ती पदर पिळत होती. आता सांगेल, म्हणलं. सांगू दे. एकदाचं सुटू दे.

"त्यांनी आधीच सांगितलं होतं," ती सगळ्यांना म्हणाली. "तुम्ही ऐकलं न्हाय." मग माझ्याकडं वळली. "नवनाथराव, कपडे बदला. पडसं व्हईल."

लोक हसले. सगळ्यांना ते कौतुक वाटलं.

त्याला आता सोळा वर्षं झाली. पोपटकडं चार होड्या आहेत, चारही अल्मुनियमच्या. त्या फोटोपायी माझं नाव झालं. भीमेकाठच्या कितीतरी गावांतनं लोक ट्रेलर बनवून घ्यायला येतात, आणि प्रत्येकाला मी पट्ट्याचं वाक्य दोनदा सांगतो. मस्करी कमी झाली. वय झालं, म्हणतात लोक.

परवा पोपटच्या ओसरीवर बसलो होतो. गजराआई ऐंशीच्या पुढं गेली. नजर कमी झाली, पण चहा अजून स्वतः करते. आतून पोपटला काहीतरी विचारलं. पोपटचं लक्ष नव्हतं.

"मेल्या, कान फुटलं का तुझं?" आतून आवाज आला.

पोपट माझ्याकडं बघून हसला. "बघ. नातवंडं झाली मला, तरी मेल्या. तुला मात्र नवनाथराव. कुणाला इतका मान देत न्हाय ती. खरं सांगू? जळतो मी कधीकधी तुझ्यावर."

"जळ की," मी म्हणलं.

ती भिंतीला हात लावत बाहेर आली. कप माझ्यापुढं ठेवला. मी पहिला घोट घेईपर्यंत तिथंच उभी राहिली.

"साखर पुरली का तुम्हाला?" तिनं विचारलं.